जुना संगणक टाकू नका, आधी त्याची डिस्क बदला
एसएसडीची निवड व जोडणी : छोट्या व्यापाऱ्यांसाठी मार्गदर्शन

आज छोट्यातल्या छोट्या धंद्यालाही संगणक लागतो. किराणा आणि कापडाच्या दुकानात त्यावर बिले निघतात. झेरॉक्सच्या दुकानात ऑनलाइन अर्ज भरले जातात. छपाईवाला मराठी लग्नपत्रिका श्रीलिपीत आणि उर्दू दावतनामा इनपेजमध्ये जुळवतो. हिशेब लिहिणारा टॅलीवर दहा दुकानांचे खाते सांभाळतो. यांपैकी पुष्कळांकडे सात-आठ वर्षांपूर्वीचा संगणक असतो. सकाळी बटण दाबल्यावर तो कामाला लागेपर्यंत चहा पिऊन होतो. गिऱ्हाईक समोर उभे असते आणि पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते. असा माणूस संगणकाच्या दुकानात गेला की त्याला एकच उत्तर मिळते, "हा आता जुना झाला. नवा घ्या, हप्त्याने करून देतो."

हप्ता म्हटला की व्याज आले. "नो कॉस्ट ईएमआय" असे गोड नाव दिले म्हणून व्याज नाहीसे होत नाही. अशा योजनेत बहुधा बँक आपले व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट किमतीत दाखवतो आणि व्याजाच्या रकमेवर जीएसटीही आकारला जातो. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच खरी नाही. ज्याला व्याजापासून दूर राहावयाचे आहे त्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

या लेखाचा मुद्दा एवढाच की नवा संगणक घेण्यापूर्वी जुन्याचा खरा आजार ओळखावा. अनेकदा आजार एकाच भागात असतो आणि तो भाग म्हणजे हार्ड डिस्क. ती काढून जागी साधी, स्वस्त एसएसडी बसविली तर तोच संगणक आणखी काही वर्षे काम देतो. हा खर्च नव्या संगणकाच्या किमतीचा लहानसा अंश असतो आणि बहुतेकांना तो रोखीने झेपतो.

संगणक मंद का होतो ?

हार्ड डिस्कच्या पोटात धातूचा किंवा काचेचा लेप दिलेला तबकडा फिरत असतो आणि त्यावर एक बारीक सुई हलत असते. ही रचना १९५६ साली आयबीएम कंपनीने बाजारात आणली. त्या पहिल्या यंत्रात ५० तबकड्या होत्या आणि त्यांत जेमतेम ५ एमबीच्या आसपास माहिती मावत असे. आज तबकड्या लहान झाल्या, माहिती प्रचंड मावू लागली, पण फिरण्याचे तत्त्व तेच राहिले.

डेस्कटॉप संगणकातील तबकडी बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती सुईखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद जातात. सुई योग्य जागी सरकण्यास आणखी सुमारे ९ मिलिसेकंद लागतात. एकूण १३ मिलिसेकंद धरले तर विखुरलेल्या जागांवरून अशी डिस्क सेकंदाला ७०-८० वेळाच माहिती उचलू शकते. लॅपटॉपमधील ५४०० फेऱ्यांची डिस्क याहूनही मंद असते.

विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली वाचाव्या लागतात आणि त्या तबकडीवर ठिकठिकाणी पसरलेल्या असतात. प्रोसेसर मोकळा बसून सुईची वाट पाहत राहतो. म्हणजे कारकून हुशार आहे, पण गोदामातून एकेक वही आणणारा हमाल थकलेला आहे. अशा वेळी कारकून बदलून उपयोग नाही.

एसएसडी म्हणजे काय ?

एसएसडी म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह. हिच्यात फिरणारा एकही भाग नसतो. माहिती चिपांमध्ये विजेच्या भाररूपाने साठविली जाते आणि वीज गेली तरी ती टिकते. या फ्लॅश मेमरीचा शोध जपानच्या तोशिबा कंपनीतील अभियंता फुजिओ मासुओका यांनी लावला. १९८४ साली तिचा एक प्रकार आणि १९८७ साली नँड हा प्रकार जगापुढे आला. आपला पेनड्राइव्ह, मोबाईलमधील साठा आणि एसएसडी ही सर्व याच नँडची अपत्ये होत.

जिथे हार्ड डिस्कला १३ मिलिसेकंद लागतात तिथे साध्या एसएसडीला एक मिलिसेकंदाचा सुमारे दहावा हिस्सा लागतो. शंभरपटीहून अधिक फरक पडतो तो येथे. मोठी एकसलग फाईल वाचण्यात फरक तीन ते पाच पटींचाच असतो. हे लक्षात ठेवले तर दुकानात पैसे वाचतात. डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला वेग हा एकसलग फाईलचा असतो. आपल्या कामाचा खरा फायदा छोट्या फायलींच्या वेगात आहे आणि तो स्वस्तातल्या एसएसडीतही मिळतो.

खरेदीपूर्वी चार गोष्टी तपासा

१) डिस्कच आजारी आहे का ? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. संगणक रेंगाळत असताना 'डिस्क' या रकान्यात ९०-१०० टक्के आणि 'सीपीयू'च्या रकान्यात कमी आकडा दिसत असेल तर दोष डिस्कचा समजावा. सीपीयूच शंभरावर अडकलेला असेल तर एसएसडीने फारसा फरक पडणार नाही.

२) रॅम किती आहे ? २ जीबी रॅमवर आजचे काम चालत नाही. ४ जीबी असेल तर एसएसडीबरोबरच ती ८ जीबी करता येते का ते पाहा. रॅम कमी असेल तर संगणक डिस्कलाच रॅमसारखे वापरू लागतो आणि एसएसडीवर विनाकारण लेखन वाढते.

३) विंडोज कोणते आहे ? विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा सुधारणांची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्यात आली. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, टीपीएम २.०, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. आपला प्रोसेसर त्यात बसत असेल तर एसएसडीवर थेट विंडोज ११ घ्यावे. बसत नसेल आणि काम पत्रलेखन, इंटरनेट, छपाई एवढेच असेल तर लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली जुन्या यंत्रावर छान चालते. टॅली आणि इनपेज मात्र विंडोजसाठी बनलेले आहेत. त्यांच्यावर ज्याचा धंदा चालतो आणि ज्याचा प्रोसेसर विंडोज ११ घेत नाही, त्याने मोठा खर्च करू नये. लहान एसएसडी बसवून तेवढ्यावर दिवस काढावेत आणि दरम्यान नव्या यंत्रासाठी रोख साठवावी. ती एसएसडी पुढे नव्या यंत्रातही उपयोगी पडते. ज्या विंडोजला सुरक्षा सुधारणा मिळत नाहीत त्या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

४) यंत्रात जागा कोणती आहे ? हे पाहिल्याशिवाय एसएसडी विकत घेऊ नये. याचा खुलासा पुढे केला आहे.

एसएसडीचे तीन प्रकार

पहिला प्रकार अडीच इंची साटा. ही पत्त्यांच्या कॅटासारखी चपटी डबी असते आणि तिची जाडी ७ मिलिमीटर असते. ज्या संगणकात साटा हार्ड डिस्क आहे त्या सर्वांत ही बसते. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या बहुतेक यंत्रांना हीच लागते. तिचा वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत जातो. फारच जुन्या यंत्रात साटाची दुसरी पिढी असते, तेथे हा वेग निम्म्यावर येतो. तरीही संगणक झपाट्याने सुधारतो, कारण सुईची वाट पाहणे संपते.

दुसरा प्रकार एम.२ साटा. ही च्युइंगगमच्या कांडीसारखी उघडी पट्टी असते. तिच्यावर २२८० असा आकडा असतो, म्हणजे रुंदी २२ आणि लांबी ८० मिलिमीटर. वेग पहिल्या प्रकाराइतकाच असतो.

तिसरा प्रकार एम.२ एनव्हीएमई. दिसायला दुसऱ्यासारखीच, पण वेग सेकंदाला ३५०० एमबी किंवा त्याहून अधिक. नव्या लॅपटॉपमध्ये हीच असते.

फसगत येथे होते. दुसरा आणि तिसरा प्रकार सारखाच दिसतो, पण एकाच्या खाचेत दुसरा चालेलच असे नाही. आपल्या लॅपटॉपचा किंवा मदरबोर्डचा मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा आणि त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहून मगच खरेदी करावी. महागडी चौथ्या पिढीची एनव्हीएमई तिसऱ्या पिढीच्या खाचेत बसते, पण धावते तिसऱ्या पिढीच्याच वेगाने. वरचे पैसे वाया जातात. कुरआनने उधळपट्टीला स्पष्ट शब्दांत नापसंत केले आहे. जी गती आपले यंत्र घेऊच शकत नाही तिच्यासाठी पैसे मोजणे हीदेखील उधळपट्टीच होय.

किती जीबीची घ्यावी ?

केवळ बिले, टॅली आणि अर्ज यांसाठी २४० किंवा २५६ जीबी पुरे. छपाई आणि फोटोचे काम असेल तर ४८० ते ५१२ जीबी घ्यावी. लग्नाचे व्हिडिओ साठविण्यासाठी एसएसडी नको. ते काम स्वस्त हार्ड डिस्कवरच करावे आणि एसएसडीवर विंडोज व चालू काम ठेवावे. १२० जीबीची घेऊ नये, कारण ती लवकर भरते आणि भरलेली एसएसडी मंद होते.

२४० जीबीची एसएसडी संगणकात २२३ आणि ४८० ची ४४७ दिसते. यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, एवढाच फरक.

डब्यावर काय वाचावे ?

टीएलसी की क्यूएलसी : टीएलसी चिपेच्या एका घरात ३ बिट आणि क्यूएलसीच्या घरात ४ बिट साठतात. एकाच घरात जितकी गर्दी, तितका टिकाऊपणा आणि लिहिण्याचा वेग कमी. भावात थोडाच फरक असेल तर टीएलसी घ्यावी. क्यूएलसीवर एकदम मोठी फाईल उतरविली तर तिचा वेग कधी कधी हार्ड डिस्कच्याही खाली जातो.

टीबीडब्ल्यू : हमीच्या काळात एकूण किती टेराबाइट लिहिता येईल त्याचा हा आकडा होय. क्रुशियल बीएक्स५०० आणि किंग्स्टन ए४०० या स्वस्त मालिकांच्या २४० जीबी एसएसडीला तो ८० टेराबाइट दिलेला आहे. दुकानाचा संगणक दिवसाला २० जीबी लिहितो असे धरले तरी ८० टेराबाइट संपण्यास ४००० दिवस, म्हणजे जवळजवळ ११ वर्षे लागतील. म्हणून "एसएसडी लवकर झिजते" या भीतीने कोणी अडून बसू नये.

हमी : तीन वर्षांची हमी किमान असावी. हमी कोण देतो, भारतात सेवा केंद्र कुठे आहे, हे विचारावे. बाजारात बदलही होत असतात. वेस्टर्न डिजिटलचा चिपांचा धंदा फेब्रुवारी २०२५ मध्ये सॅनडिस्क या नावाने वेगळा झाला. मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल या नावाने चालणारी किरकोळ विक्री बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, मात्र विकलेल्या मालाची हमी पाळण्याचे सांगितले. त्यामुळे शिल्लक माल स्वस्तात मिळत असेल तर हमीची तारीख पाहूनच घ्यावा.

भाव : २०२५ च्या अखेरीस चिपांचे भाव चढले आणि जुने ठोकताळे चुकू लागले. म्हणून कुणाच्या ऐकीव भावावर जाऊ नये. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की आपल्या गावचे दुकान, तीन ठिकाणी त्या दिवशीचा भाव विचारावा आणि किमतीला जीबीने भागून तुलना करावी. जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. नियमित योजनेत नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला भरलेल्या कराची वजावट मिळते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ती मिळत नाही, पण हमीसाठी बिल त्यालाही लागतेच.

नकली मालापासून सावध

दोन प्रकारची फसवणूक फार चालते. एक म्हणजे, अगदी कमी भावात "२ टेराबाइट" म्हणून विकली जाणारी डबी. आत एखादे लहान मेमरी कार्ड चिकटवलेले असते आणि यंत्राला खोटा आकडा सांगण्याची सोय केलेली असते. फायली चढताना दिसतात, पण नंतर उघडत नाहीत. दुसरी, वापरलेली एसएसडी पुसून नवी म्हणून विकणे.

पहिलीसाठी एचटूटेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्राम रिकाम्या एसएसडीवर चालवावा. तो सबंध जागा भरून पुन्हा वाचून पाहतो. दुसरीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम लावावा. त्यात एकूण चाललेले तास आणि एकूण लिहिलेले जीबी दिसतात. नव्या मालात हे आकडे शून्याच्या आसपास असावेत. ही तपासणी परत करण्याची मुदत संपण्याआधी, शक्य तर त्याच दिवशी करावी.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी व्यापाऱ्यास विचारले. आपले जे बांधव संगणकाच्या धंद्यात आहेत त्यांच्यासाठी क्यूएलसीला टीएलसी म्हणणे किंवा वापरलेल्याला नवे म्हणणे हीसुद्धा राशीतली ओलच आहे.

आधी अमानत सांभाळा

कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकरातील २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. आज ते लिखाण वहीऐवजी डिस्कवर असते. कोणाकडून किती येणे, कोणाचे किती देणे, ही केवळ आपली मालमत्ता नाही, ती इतरांच्या हक्कांची नोंद आहे. शिवाय जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात. म्हणून पेचकस हातात घेण्यापूर्वी माहितीची नक्कल झालीच पाहिजे.

प्रथम क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये जुन्या डिस्कची प्रकृती पाहा. 'गुड' असेल तर निर्धास्त पुढे जा. 'कॉशन' किंवा 'बॅड' असेल तर सर्वांत महत्त्वाच्या फायली आधी उतरवून घ्या, बाकीचे नंतर. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर संगणक लगेच बंद करा आणि जाणकाराकडे न्या. चालवत राहिल्याने उरलेले जाते.

नक्कल बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. न उघडून पाहिलेली नक्कल नक्कल नव्हे. टॅलीचा डेटा फोल्डर, ईमेल, डिजिटल सहीची फाईल, फॉन्ट, ब्राउझरमधील पासवर्ड आणि डेस्कटॉपवर पडलेल्या फायली हमखास विसरल्या जातात. विंडोज नव्याने टाकणार असाल तर टॅलीचे लायसन्स आधी 'सरेंडर' करा, म्हणजे नंतर पुन्हा चालू करता येईल. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

नवे विंडोज की जशीच्या तशी नक्कल ?

दोन्ही मार्ग चालतात. नव्याने विंडोज टाकल्यास जुना कचरा जातो आणि संगणक अधिक हलका होतो, पण सर्व प्रोग्राम पुन्हा घालावे लागतात. त्यासाठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचा मोफत मीडिया क्रिएशन टूल पुरतो.

जशीच्या तशी नक्कल, म्हणजे क्लोन केल्यास श्रीलिपी, इनपेज, प्रिंटर सारे जागच्या जागी राहते. साटा ते यूएसबी अशी एक केबल घेऊन एसएसडी बाहेरून जोडावी आणि कंपनीने दिलेला प्रोग्राम किंवा मोफत क्लोनझिला वापरावा. येथे एक अडचण हमखास येते. जुनी डिस्क ५०० जीबीची आणि एसएसडी ४८० ची असेल तर क्लोनझिला सरळ नक्कल करीत नाही, कारण नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते. तेव्हा कंपनीचा प्रोग्राम वापरावा किंवा जुन्या डिस्कचे भाग आधी लहान करून घ्यावेत. नक्कल करताना कोणती डिस्क मूळ आणि कोणती नवी हे दोनदा वाचून मगच होकार द्यावा. उलट झाल्यास मूळ माहितीच पुसली जाते.

जोडणी : पायरीपायरीने

डेस्कटॉपसाठी :
१) संगणक बंद करा, भिंतीतील वायर काढा आणि सुरू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या.
२) लोखंडी डब्याला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवा. गालिच्यावर बसून हे काम करू नका.
३) बाजूचे झाकण काढा. हार्ड डिस्कला दोन केबली दिसतील. अरुंद ती माहितीची, रुंद ती विजेची. दोन्हींची टोके इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची असतात, उलटी बसत नाहीत.
४) अडीच इंची एसएसडी मोठ्या खणात बसविण्यासाठी धातूची पट्टी मिळते, ती लावून स्क्रू आवळा. एसएसडी हलणारी वस्तू नसल्याने घाईच्या वेळी ती मोकळ्या जागी नीट चिकटवली तरी चालते.
५) दोन्ही केबली जोडा. नव्याने विंडोज टाकायचे असेल तर त्या वेळी जुनी डिस्क काढून ठेवा, म्हणजे चुकून तिच्यावर काही लिहिले जाणार नाही.

लॅपटॉपसाठी :
१) चार्जर काढा. बॅटरी बाहेर निघत असेल तर काढा, आत असेल तर खालचे झाकण उघडल्यावर तिची जोडणी प्रथम सोडवा.
२) स्क्रू लहानमोठे असतात. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून ज्या त्या जागी ठेवा.
३) जुन्या डिस्कभोवतीची पट्टी काढून एसएसडीला लावा. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटरची असेल तर एसएसडीबरोबर मिळणारी प्लॅस्टिकची चौकट चिकटवा, म्हणजे ती हलणार नाही.
४) एम.२ पट्टी असेल तर ती सुमारे ३० अंशांत तिरपी घालून हलकेच दाबा आणि टोकाचा एक स्क्रू लावा. जोर लावू नका.
५) डीव्हीडीचा खण असेल तर त्यात कॅडी घालून जुनी हार्ड डिस्क साठ्यासाठी ठेवता येते. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडीत मिळते, मोजून घ्यावी.

यानंतर संगणक सुरू करून बायोसमध्ये जा. त्यासाठी यंत्रानुसार डेल, एफ२ किंवा एफ१० दाबावे लागते. एसएसडी तेथे दिसते का पाहा आणि सुरुवातीच्या क्रमात तिला पहिली जागा द्या. नवे विंडोज टाकण्यापूर्वी साटाचा प्रकार एएचसीआय असा ठेवा. क्लोन केले असेल तर हा प्रकार घाईने बदलू नका, बदलल्यास विंडोज सुरू होण्यास अडते.

बसविल्यानंतर

डीफ्रॅगमेंट करणारे बाहेरचे प्रोग्राम काढून टाका. एसएसडीला त्यांचा उपयोग नाही, केवळ झीज होते. विंडोज स्वतः ट्रिम नावाची सफाई करते. जागेचा पाचवा हिस्सा मोकळा ठेवा. महिन्यातून एकदा प्रकृती पाहा.

एसएसडी पूर्वसूचनेशिवाय एकाएकी बंद पडू शकते. हार्ड डिस्क निदान आवाज तरी करते. म्हणून रोजच्या हिशेबाची नक्कल ठेवण्याची सवय एसएसडी आल्यावर अधिक गरजेची होते. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुकानाबाहेर. वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्यासाठी एसएसडी वापरू नये, कारण विजेशिवाय दीर्घकाळ पडून राहिल्यास तिच्यातील भार ओसरतो.

जुनी डिस्क निरोगी असेल तर यूएसबी पेटीत घालून नकलेसाठी वापरावी. विकायची असेल तर आधी पूर्ण फॉरमॅट करावे. 'क्विक' फॉरमॅटने माहिती पुसली जात नाही. झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या आधार व पॅन कार्डांच्या प्रती असतात, हे विसरू नये. बिघडलेली डिस्क भंगारात देण्यापूर्वी तिची तबकडी ड्रिलने भोसकावी आणि ती इ-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावी.

तरुणांसाठी एक शब्द

हे काम दोन-चार संगणकांवर हात बसला की येते. फुलीच्या पेचकसांचा संच, साटा-यूएसबी केबल, दोन पेनड्राइव्ह आणि एक बाहेरची हार्ड डिस्क एवढ्या भांडवलावर ते सुरू करता येते. त्यासाठी दुकान लागत नाही, कर्जही लागत नाही. मात्र चार नियम पाळावेत. काम घेण्यापूर्वी डिस्कची प्रकृती गिऱ्हाइकास दाखवावी. जिथे एसएसडीने फायदा होणार नाही तिथे तसे स्पष्ट सांगावे. काढलेली डिस्क मालकाला परत करावी. आणि कुणाच्या संगणकातील फोटो किंवा कागदपत्रे उघडून पाहू नयेत. ज्याच्या हाती लोक आपला हिशेब आणि घरचे फोटो विश्वासाने सोपवतात, त्याचा खरा माल एसएसडी नसून भरवसा असतो.

व्यापारी बांधवांनी नव्या यंत्राच्या कागदावर सही करण्यापूर्वी दहा मिनिटे काढून टास्क मॅनेजरमधील तो डिस्कचा रकाना पाहावा. दोष तेथेच निघाला तर एक दिवसाचे काम आणि थोडी रोख रक्कम पुरते. अल्लाहने दिलेल्या साधनांचा पुरेपूर वापर करणे आणि विनाकारण कर्जाखाली न जाणे, हाच बरकतीचा मार्ग आहे.